एकशे ऐंशीच्या खाली नाही

१

एकशे ऐंशीला विकायला ठेवलेले पंचवीस शेअर, भाव दोनशेच्या वर गेला तरी विकले गेले नव्हते. एवढ्यावरून परभणीच्या मोंढ्यात, कापूस-धान्याच्या बाजारात, भर दुपारी एका माणसाची मानगूट धरली गेली.

धरणारे किशनराव. वसमत रस्त्याला त्यांचा मळा, दावणीला चार बैल, आणि जिभेला लगाम नाही. धरला गेला तो आसाराम, कापसाचा आडत्या. मुंबईच्या एका दलालाची इथली कामंही तोच बघायचा. शेअर होते किशनरावांच्या धाकट्या भावाचे, व्यंकटरावाचे, आणि व्यंकटराव बारा वर्षांपूर्वी घरातून निघून गेला होता. किशनरावांच्या मते यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. भाव वर गेला, शेअर विकले गेले आणि पैसे आसारामानं गिळले. लोक मधे पडले म्हणून आसारामाचं धोतर तेवढं फाटलं, हाडं शाबूत राहिली.

सन त्रेचाळीसचा भाद्रपद चालू होता. गौरी कालच उठल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी व्यंकटरावाची बायको, कस्तुराबाई, माझ्या ओट्याच्या कडेला येऊन बसल्या.

मी दिनकर. चौदा वर्षं मुंबईच्या शेअरबाजारात एका पेढीवर ऑर्डरी लिहिल्या, छातीनं दगा दिला म्हणून परत आलो, आणि आता कचेरीसमोरच्या घराच्या ओट्यावर बसून लोकांचे अर्ज लिहितो. परभणीत शेअर म्हणजे काय ते सांगणारी माणसं चार, त्यातली तीन चुकीचं सांगतात. चौथा मी. हा गर्व आहे, पण खरा आहे.

कस्तुराबाई मला भाऊ म्हणत, आणि दर वेळी मला ते थोडं लागायचं. लपवून काय उपयोग? मी एकटा माणूस, त्या पस्तिशीच्या, कपाळावर ठसठशीत कुंकू, आणि बोलताना माझ्याकडे न बघता रस्त्याकडे बघणार. ते बघणं, लोक सांगत, गेली बारा वर्षं तसंच होतं.

त्यांनी सगळं पहिल्यापासून सांगितलं. व्यंकटराव आसारामाच्या गादीवर लिहायला होता. मुंबईहून रोज भावांची तार यायची, ती वाचता वाचता त्याला शेअरचा नाद लागला. बायकोच्या पाटल्या आणि गोठ मोडून, वर भावाचे कापसाचे पैसे घेऊन, त्यानं श्रीरंग मिलचे पंचवीस शेअर घेतले. भाव एकशे ऐंशी कलदार, म्हणजे इंग्रजी रुपये. वर्षभरात तो सत्तरवर आला. किशनराव दोन दिवस काही बोलले नाहीत आणि तिसऱ्या दिवशी सगळं बोलले.

व्यंकटराव पितृपक्षात घर सोडून गेला. जाताना चुलीपाशी उभा राहून बायकोला म्हणाला की शेअर घेतल्या भावाला विकायला लावलेत, एक पैसा कमी नाही. ज्या दिवशी विकले जातील त्याच दिवशी गाडीत बसेन, तोवर कुणाला तोंड दाखवणार नाही. वर्षभर मुंबईहून पत्रं आली, मग बंद झाली. गेल्या वर्षी बर्माहून पळत आलेल्या एकानं सांगितलं की तसाच दिसणारा एक परभणीचा माणूस तिकडे बाँबमध्ये गेला.

आणि आता बारा वर्षं भरत होती. बारा वर्षं ठावठिकाणा नसलेला माणूस मेला असं धरतात. पळसाच्या पानांचा पुतळा करायचा, त्याला अग्नी द्यायचा, आणि बायकोनं कुंकू पुसायचं. किशनरावांनी गुरुजींना विचारून सर्वपित्रीचा दिवस ठरवला होता.

"पैशाचं मला काई न्हाई, भाऊ," त्या म्हणाल्या. "शेअर इकले का न्हाई, येवढंच शोधून द्या. भाव येकशे ऐंशीच्या वर गेल्याला महिना होत आला. इकले आसतील तर त्ये निघाले आसतील. मी रोज मनमाडच्या गाडीचा टाइम झाला की दारात यायलेय."

सर्वपित्रीला बावीस दिवस उरले होते.

२

आधी लिमिट म्हणजे काय ते सांगतो, कारण सगळं कोडं त्यातच आहे.

शेअर विकायचे तर दलालाला दोन तऱ्हांनी सांगता येतं. त्यातली एक तऱ्हा लिमिटची. लिमिट म्हणजे तुमची अट. 'एकशे ऐंशीला विका' याचा अर्थ एकशे ऐंशी किंवा त्याच्या वर कितीही, पण खाली नाही. घेणारा भेटला तर व्यवहार होईल, नाही भेटला तर शेअर तसेच राहतील, मग वर्षं जावोत. भाव चांगला मिळेल याची खात्री असते, विकले जातीलच याची नसते. हट्टी माणसाची ऑर्डर आहे ती. मी पेढीवर अशा शेकडो लिहिल्या आहेत, आणि त्यातल्या कितीतरी लिहिणाऱ्याच्या हयातीत पुऱ्या झाल्या नाहीत.

एक बारीक गोष्ट आणखी असते. भाव तुमच्या आकड्याला नुसता शिवून मागे फिरला, तर तुमचे शेअर राहून जाऊ शकतात. त्याच आकड्याला तुमच्या आधी पाचजणांनी नाव लावलेलं असतं, त्यांचा नंबर आधी. मला पहिल्यांदा तेच वाटलं. पण भाव एकशे ऐंशीला शिवून फिरला नव्हता, ओलांडून गेला होता. भाव ओलांडून गेला की त्या आकड्याच्या सगळ्या ऑर्डरी खलास होतात, एकही मागे राहत नाही.

म्हणजे दोनच शक्यता उरल्या. एक तर शेअर विकले गेले होते आणि पैसे कुणीतरी दाबले होते, किंवा ऑर्डर एकशे ऐंशीची राहिलीच नव्हती.

मी उठून मोंढ्यात गेलो.

३

कापूस यायला अजून अवकाश होता, त्यामुळे मोंढ्यात फारशी वर्दळ नव्हती. आसाराम गादीवर एकटाच बसला होता आणि मला बघताच त्यानं एक वही मांडीखाली सरकवली. मी चौदा वर्षं व्यापाऱ्यांत काढली आहेत. माणूस वही मांडीखाली घालतो ते बसायला टणक जागा हवी म्हणून नव्हे.

मूळ ऑर्डरीचा कागद त्यानं लगेच दाखवला. व्यंकटरावाची सही, पंचवीस शेअर, एकशे ऐंशी. विक्रीचे सही केलेले कोरे फॉर्म शेअरसकट मुंबईच्या दलालाच्या पेढीत ठेवलेले. ही ऑर्डर दर दिवाळीला नवी करावी लागते, नाहीतर मरते. ती कोण करतं असं मी विचारलं, तर आसाराम म्हणाला की पेढीच करत असेल. पेढी आपणहून नुसतं पानसुद्धा देत नाही.

मग मी वही मागितली. तो नाही म्हणाला, मी पुन्हा मागितली. शेवटी त्यानं ती माझ्या पुढ्यात टाकली. त्यात बारा वर्षांचे श्रीरंग मिलचे भाव होते, रोजचे, एकही दिवस न चुकता. मुंबईची तार बाजार बंद झाल्यावर सुटते आणि दिवेलागणीला इथं पोचते, त्यात त्या दिवसाचा बंद भाव असतो. पण परभणीत श्रीरंग मिलचा शेअर व्यंकटरावाशिवाय कुणाकडेच नव्हता. तारेत शब्द वाढला की पैसे वाढतात. एवढा खर्च कोण करत होतं?

आसारामानं मान खाली घातली.

"कस्तुराबाई रोज सांजच्याला दाराशी येत्यात, भाव इचारायला," तो म्हणाला. "पयल्या दिवशी 'तारंत न्हाई' म्हनलो, तर त्यायचं तोंड बघवंना. मंग मुंबईला लिवलं, येवढं यक नाव वाढवा म्हून. पैशे माझे. मोंढ्यात कळलं तर हासतील लोकं, म्हून वही झाकली. व्यंकट माझ्याच गादीवर भाव वाचाय शिकलाय, दिनकरराव. थोडा दोष माझा बी हाय की."

बारा वर्षं स्वतःच्या खिशातून तारेचे पैसे भरणारा माणूस पंचवीस शेअर खाईल, हे माझ्या मनाला पटेना. पण मन हा पुरावा नव्हे. मी मुंबईच्या त्या पेढीतल्या माझ्या ओळखीच्या कारकुनाला, भुजंगला, पत्र टाकलं. शेअर विकले गेले का, आणि नसतील तर ऑर्डर काय आहे.

४

पत्राचं उत्तर यायला आठवडा लागणार होता. तेवढ्यात मी किशनरावांकडे गेलो, कारण एक गोष्ट मला टोचत होती. शेअर सर्वपित्रीच्या आधी विकले गेले, तर पैसे व्यंकटरावाच्या नावानं पडणार. पुतळा जळल्यानंतर मात्र, घर एकत्र आणि व्यंकटरावाला मूलबाळ नाही म्हणून, सगळं वारसाहक्कानं किशनरावांकडे येणार. विक्री लांबावी असं परभणीत कुणाला वाटत असेल, तर ते त्यांनाच. आणि स्वतः विक्री थांबवून वर आसारामाची मानगूट धरायची, हे काही फार कठीण नाटक नव्हे.

किशनरावांनी चहा मागवला आणि मी कशाला आलोय ते ओळखून आधीच तापले. ऑर्डर बदलायला तुम्ही मुंबईला कधी काही लिहिलं होतं का, असं मी सरळच विचारलं. ते म्हणाले की त्यांना सहीपुरतं येतं, आणि दुसऱ्याच्या हातानं लिहून घ्यायचं असतं तर ते माझ्याचकडे आले असते, स्वस्त पडतो म्हणून. हे मला झोंबलं, पण खरं होतं.

पुतळ्याची घाई कशाला, असं मी विचारलं. त्यावर ते बैलांकडे वळले.

"घाई?" ते म्हणाले. "बारा वर्षं मी रस्त्यानं पाठमोरा मानूस दिसला की चालायचं थांबतो. माय वाट बघून बघून मेली. मी बोललो म्हून त्यो गेला, हे सारं गाव जाणतंय. मेला आसं यकदा कुनी सांगितलं तर मला रडता तरी यील. जित्ता हाय आसं बी कुनी सांगंना, मेला आसं बी सांगंना. आसं किती दिस जगावं मानसानं?"

मी चहा संपवला आणि निघालो. संशय मात्र निघाला नव्हता. रडणाऱ्या माणसालाही जमीनजुमला कळतो.

नवव्या दिवशी भुजंगचं पत्र आलं.

५

शेअर विकले गेले नव्हते. भुजंगनं लिहिलं होतं की गिऱ्हाइकाविषयी बाकी काही सांगायची पेढीत चाल नाही, फक्त ऑर्डर काय ते सांगतो. ऑर्डर जिवंत होती, दर दिवाळीला नवी होत आली होती, आणि बारा वर्षं ती एकशे ऐंशीचीच होती. गेल्या महिन्यात, ऑगस्टमध्ये, मात्र ती तीनदा बदलली. नऊ तारखेला लिमिट दोनशे झालं, सतरा तारखेला दोनशे वीस, सव्वीस तारखेला अडीचशे. तिन्ही चिठ्ठ्यांवर व्यंकटरावाची सही, जुन्या सहीशी ताडून बघितलेली.

सही खोटीही करता येते, पण कुणीतरी आकडा पुढे पुढे सरकवत होतं एवढं खरं. भाव जवळ आला की आकडा लांब.

मी पत्र घेऊन आसारामाकडे गेलो आणि वही उघडली. नऊ ऑगस्टला बंद भाव एकशे अडुसष्ट. सतराला एकशे सत्त्याऐंशी. सव्वीसला दोनशे सहा. मी गोंधळलो. भाव जवळ आलाच नव्हता. एकशे अडुसष्ट भाव असताना, आकडा अजून बारा रुपये लांब असताना, तो घाईनं वर न्यायचं कारण काय? किशनराव असोत की आणखी कुणी, माणूस घाबरून हात घालेल तो भाव एकशे एकोणऐंशीवर आल्यावर. आणि हे एकदा नाही, तीनदा. तिन्ही वेळा भाव लिमिटाच्या बारा-चौदा रुपये खाली, आणि तिन्ही वेळा त्याच दिवशी बदल.

घरी येऊन भाकरी केली आणि ती करपवली. मग डोक्यात आलं, आणि मी स्वतःला चार शिव्या घातल्या. चौदा वर्षं शेअरबाजारात काढून मी परभणीच्या माणसासारखा विचार करत होतो. इथं दिवसाला एकच भाव असतो, तारेतला. तिथं तसं नसतं. भाव दिवसभर वर जातो, खाली येतो, आणि संध्याकाळी कुठंतरी टेकतो. तार सांगते ती फक्त टेकलेली जागा.

आबासाहेब वकिलांकडे मुंबईचं वर्तमानपत्र दोन दिवस उशिरानं येतं आणि ते एकही अंक टाकून देत नाहीत. तिसऱ्या प्रहरी मी त्यांच्या माळ्यावर धुळीत बसून ऑगस्टचे अंक चाळले. बाजाराच्या पानावर दिवसाचा सगळ्यात चढा भाव बारीक अक्षरांत छापतात.

नऊ ऑगस्ट, चढा भाव एकशे एकोणऐंशी. सतरा ऑगस्ट, एकशे नव्याण्णव. सव्वीस ऑगस्ट, दोनशे एकोणीस.

तिन्ही दिवशी भाव लिमिटाच्या एक रुपया अलीकडे येऊन थांबला होता, भर दुपारी. आणि तेवढ्या वेळात कुणीतरी चिठ्ठी लिहून आकडा हलवला होता. परभणीत त्या दिवशी दुपारी हे कुणाला कळणं शक्यच नव्हतं. संध्याकाळी तार आली तीसुद्धा एकशे अडुसष्टची. किशनराव सुटले. आसाराम सुटला.

मग मुंबईतला कुणी चोर? चोराला शेअर विकायचे असतात, पैसे हातात यायला हवेत म्हणून. हा माणूस तर विकू देत नव्हता. न विकण्यात मुंबईत कुणाचा एक छदाम फायदा नव्हता. फायदा एकाच माणसाचा, ज्याला विक्री झाली की दिलेला शब्द पाळावा लागणार होता.

मी अंक घडी करून ठेवले. व्यंकटराव जिवंत होता. आणि तो यायचं टाळत होता.

६

खरं सांगतो, दोन दिवस मी कस्तुराबाईंना काही सांगितलं नाही. सर्वपित्री दहा दिवसांवर आली होती. मी नुसता गप्प बसलो असतो तर पुतळा जळला असता आणि एक पळपुटा माणूस कायमचा संपला असता. त्यापुढचा विचार मी केला नाही असं म्हणणार नाही. केला. मग मला माझीच लाज वाटली.

तिसऱ्या दिवशी त्या ओट्यावर आल्या तेव्हा मी म्हणालो, "बाई, व्यंकटराव जिवंत आहेत. मुंबईत आहेत. गेल्या महिन्यात सव्वीस तारखेला दुपारी ते शेअरबाजारापाशी उभे होते."

त्यांनी ओट्यावर हात टेकला. माझ्याकडे बघितलं, पहिल्यांदाच, आणि विचारलं, "तब्येत कशी आसंल त्यायची?"

उरलेलंही सांगणं भाग होतं. तीनदा भाव दारापर्यंत आला आणि तीनदा त्यांनी दार पुढं ढकललं, हे मी जमेल तेवढ्या मऊ शब्दांत सांगितलं. त्या रागावतील, रडतील असं मला वाटलं होतं. त्यांनी पदराचा काठ बोटाला गुंडाळला.

"लाजायलेत," त्या म्हणाल्या. "पयल्यापासून आसंच. लग्नात वरणात मीठ नव्हतं, तर मागायला लाजून उपाशी उठले. घेतल्या भावाला इकून आलो तर लोकं म्हनतील, बारा वर्षांत काय आनलंस? म्हून आजून थोडं, आजून थोडं."

मी म्हणालो की तसंच असेल. भावाची वाट बघणाऱ्याला निदान भाव आल्यावर थांबता येतं. हा माणूस धीर यायची वाट बघत होता, आणि धीराचा भाव काही वर्तमानपत्रात छापत नाहीत.

"म्हंजे त्ये बी रोज भाव बघायलेत," त्या मधेच म्हणाल्या. त्यांच्या तोंडावर जे आलं ते मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं. "मी हितून, त्ये तिथून. बारा वर्षं आमी दोघं येकाच आकड्याकडं बघायलोत, भाऊ."

मला त्या घटकेला व्यंकटरावाचा इतका हेवा वाटला की मी उठून उगाच आत जाऊन पाणी पिऊन आलो.

आता पुढचं. किशनरावांना कळवलं तर ते उद्याच्या गाडीनं जाऊन भावाला दंडाला धरून आणतील, हे दोघांनाही दिसत होतं. कस्तुराबाईंना ते नको होतं. ओढून आणलेला माणूस घरात टिकत नाही, असं त्या म्हणाल्या. न कळवलं तर सर्वपित्रीला कुंकू जाणार. मग त्यांनी मला विचारलं की शेअर विकायची दुसरी तऱ्हा काय असते.

"बाजारभावानं विका असं सांगायचं," मी म्हणालो. "आकडा घालायचा नाही. त्या वेळी जो भाव असेल तो. कमी असो की जास्त, विक्री मात्र लगेच होते."

"आसं कोन करतं?"

"ज्याला वाट बघणं परवडत नाही, तो."

"मला न्हाई परवडत आता," त्या म्हणाल्या आणि उठल्या. "मला त्यायनी काय कमवून आनलं त्ये नको. हायेत तसे पायजेत. म्हातारे झाले आसले तर म्हातारे. मीच जाते. मुंबैचं टिकीट कुठपतोर काडावं लागतं, तेवढं सांगा."

७

भायाशी, म्हणजे थोरल्या दिराशी, समोरासमोर बोलायची त्या घरात रीत नव्हती. बारा वर्षांत कस्तुराबाई किशनरावांशी एक शब्द बोलल्या नव्हत्या, जे काही असेल ते जावेमार्फत. त्या दिवशी मला सोबत घेऊन त्या घरी गेल्या, डोक्यावरचा पदर नीट केला, बैठकीच्या उंबऱ्यापाशी उभ्या राहिल्या आणि थेट त्यांना म्हणाल्या, "पुतळा करू नका. मी जित्त्या मानसाला भेटाय निघाले. कुठं हायेत त्ये इचारू नका. न्हाई भेटले तर परत यीन आन् माझ्या हातानं कुंकू पुसीन."

किशनरावांनी माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली. ते काही बोलले नाहीत, हेही त्या घरात नवीनच होतं. शेवटी एवढंच म्हणाले की सर्वपित्रीपर्यंत थांबतो, त्यापुढे गुरुजी ऐकणार नाहीत, आणि सोबतीला तानुबाईंना पाठवतो. तानुबाई म्हणजे त्यांची विधवा चुलती, साठीची, जग बघितलेली.

मी भुजंगला तार केली. दोघींना बोरीबंदरवर उतरवून घ्यायचं, घरी ठेवायचं, आणि रोज बाजाराच्या वेळेला त्या दोघींना शेअरबाजाराच्या बाहेरच्या फुटपाथावर नेऊन सोडायचं. आत जायला कार्ड लागतं, पण भावाचा नाद लागलेले शंभर लोक बाहेर उभे असतात आणि आतून ओरडून येणारा आकडा ऐकतात. चौदा वर्षं मी त्यांच्या मधून वाट काढत पेढीवर गेलो होतो. त्यातल्याच एकाच्या खांद्याला कितीदा तरी धक्का लागला असेल, आणि तो परभणीचा असेल हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

स्टेशनावर पोचवायला मी गेलो. गाडी हलली तेव्हा कस्तुराबाई खिडकीतून पुढं बघत होत्या, जिकडे इंजिन होतं तिकडे. मागे बघायचं त्यांना काही कारण नव्हतं.

मग नुसते दिवस मोजायचे राहिले. भाव रोज उतरत होता. आसाराम वही घेऊन माझ्या ओट्यावर यायचा आणि आकडा वाचून दाखवायचा. एकशे पंच्याण्णव. एकशे अठ्ठ्याऐंशी. एकशे ऐंशीच्या खाली आला त्या दिवशी आसाराम म्हणाला की आता व्यंकट तोंड दाखवणार नाही, गेलं सगळं. मलाही तसंच वाटलं. ज्याला दोनशेवर धीर झाला नाही, त्याला आता काय होणार?

सर्वपित्रीच्या आदल्या दिवशी किशनरावांकडे पळसाची पानं आली. गुरुजी सामानाची यादी देऊन गेले. दुपारी उशिरा मला तार आली, भुजंगची. मी ती दोनदा वाचली आणि छाती दुखेपर्यंत चालत वसमत रस्त्याला गेलो.

किशनराव अंगणात पानांच्या ढिगापाशी उकिडवे बसले होते. मी तार वाचून दाखवली. लिमिट काढलं. पंचवीस शेअर आज सकाळी बाजारभावानं विकले. भाव एकशे एकाहत्तर.

त्यांनी ते नीट समजून घेतलं, एकेक पायरी.

"घेतले कितीला हुते?"

"एकशे ऐंशीला."

"भाव दोनशेच्या वर जाऊन आला, तवा इकले न्हाईत?"

"नाही."

"आन् आज पडत्या भावात, नऊ रुपये खोट खाऊन इकले?"

मी हो म्हणालो. बारा वर्षांपूर्वी याच अंगणात याच नुकसानीवरून ते काय काय बोलले होते, ते सगळ्या परभणीला पाठ होतं. मी ऐकायची तयारी ठेवली. व्यंकटराव काय सांगून गेला होता ते किशनरावांनाही ठाऊक होतं. शेअर विकले, त्या दिवशी गाडीत बसणार.

ते उठले, घराकडे तोंड केलं आणि आत बायकोला हाक मारून म्हणाले, "उद्याच्याला सैपाक वाढवा. व्यंकट यायलाय." भिंतीला हात लावून ते मोठ्यानं रडले, आणि मी तिथं उभं राहण्यात अर्थ नव्हता.

मी घरी आलो. मला आनंद झाला होता, खोटं सांगत नाही. पण तो सांगायला घरात कुणी नव्हतं.